सासऱ्यांचा तिकीटसंग्रह हातात आलाय, आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही, किंमत कशी काढायची?

नौपाडाकरीण

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमची नौपाड्यातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीये, गणपती झाले की जागा रिकामी करून द्यायचीये, त्यामुळे सध्या माळे उपसणं चालू आहे आणि त्यात सासऱ्यांची पोस्टाच्या तिकिटांची अख्खी ट्रंक खाली आली. आम्ही त्यांना नाना म्हणायचो, गेल्या वर्षी गेले. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत एक्स्पोर्टच्या टेबलावर होते, परदेशी पाकिटं रोज हाताखालून जायची आणि ऑफिसात सगळ्यांना माहिती की तिकिटं नानांची. शिवाय हंगेरी, पूर्व जर्मनी असे कुठले कुठले पत्रमित्र होते. रविवारी जेवणं झाली की चिमटा, भिंग आणि पाण्याची बशी घेऊन बसायचे, त्या वेळी पंखा लावायची कोणाची हिंमत नव्हती.

ट्रंकेत काय काय आहे ते सांगते. जगभरातल्या तिकिटांचे तीन जाडजूड आल्बम, देशवार, प्रत्येक पानावर नानांच्या सुबक अक्षरात नाव. एक आल्बम फक्त भारताचा. पहिल्या दिवसाची पाकिटं म्हणजे एफडीसी (तिकीट निघालं त्याच दिवसाचा शिक्का मारलेली) दोन मोठ्या फायली भरून, बहुतेक सत्तर-ऐंशीच्या दशकातली. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात पाकिटाच्या कागदासकट कापलेली सुटी तिकिटं ठासून भरलेली. आणि सगळ्यात खाली कापडी पिशवीत जुनी पत्रं, पाकिटं, पोस्टकार्डं, ती नानांच्या वडिलांच्या वेळची असावीत, काही मोडीत आहेत, आमच्यात कोणाला वाचता येत नाही. ही पिशवी तर आमचे हे टाकूनच देणार होते.

आता अडचण. माझी नणंद पुण्याला असते, तिला कोणीतरी सांगितलंय की जुनी तिकिटं लाखांत जातात, म्हणून ती म्हणते आधी व्हॅल्युएशन करा आणि मग वाटणी. तिचं चूक नाहीये, वडिलांची वस्तू आहे. पण व्हॅल्युएशन करतं कोण? पोस्टात विचारलं तर म्हणाले आम्ही नवीन विकतो, जुन्याची किंमत सांगायचं काम आमच्याकडे नाही. मग ओळखीतून एक गृहस्थ घरी येऊन बघून गेले, पंधरा मिनिटांत सगळं चाळलं आणि सरसकट वीस हजार रोख देतो म्हणाले. आल्बमची पानं त्यांनी फटाफट उलटली, चहाही अर्धा ठेवला, आणि निघताना दारात चपला घालता घालता विचारलं, ती कापडी पिशवी पण यातच धरलीये ना? तिथे माझ्या मनात पाल चुकचुकली.

आम्हाला संग्रह पुढे वाढवायचा नाहीये, कोणाला आवडच नाही. पण मातीमोल पण घालवायचा नाही. सुरुवात कुठून करायची तेवढं सांगा.

कोपरी_किंग

वीस हजार घ्या आणि मोकळ्या व्हा ताई. व्हॉट्सॲपवर रोज फिरतं, ट्रॅक्टरवाली पाच रुपयाची नोट दाखवा आणि लाखो मिळवा, आजवर एकाला तरी मिळाले का? माझ्या चुलत्याची पण शाळेतली वही आहे, रशियाची रॉकेटं आणि हंगेरीची फुलपाखरं, रद्दीवाला सुद्धा काट्यावर ठेवेना 😀

मीठबंदर

एवढं काही अवघड नाहीये. डब्यातली आणि पिशवीतली पाकिटं तिकिटाभोवती कापून घ्या, तुकडे कोमट पाण्यात टाका, थोड्या वेळाने तिकीट आपोआप सुटतं, मग पेपरवर उलटं वाळवायचं आणि जाड पुस्तकाखाली दाबायचं. आम्ही शाळेत असंच करायचो. सगळी देशवार लावली की गिऱ्हाईकाला बघायला बरं, पसारा पण कमी होईल, नाहीतरी तुम्हाला शिफ्टिंग आहेच.

नेरुळचे_काका

मीठबंदर, हेतू चांगला आहे पण हे अजिबात करायला सांगू नका. ताई, त्या पिशवीतल्या एकाही पाकिटाला पाणी, कात्री, सेलोटेप काही लागू देऊ नका. डब्यातले तुकडे नानांनीच भिजवायला काढून ठेवलेले दिसतात, ते भिजवलेत तर फार बिघडणार नाही, पण तेही आत्ता नको, या पावसाळी हवेत वाळता वाळत नाहीत आणि बुरशीचे ठिपके पडतात.

मी नेरुळला असतो, पस्तीसेक वर्षं हा नाद आहे, विकत नाही, फक्त जमवतो, त्यामुळे माझा यात काही फायदा नाही हे आधीच सांगून टाकतो.

जुनं म्हणजे महाग हे पहिलं डोक्यातून काढा. व्हिक्टोरिया राणीचं अर्ध्या आण्याचं वापरलेलं तिकीट सव्वाशे वर्षांचं असून आज किरकोळ भावात मिळतं कारण छापलीच प्रचंड होती. पाचव्या-सहाव्या जॉर्जची एक आणा, दोन आण्याची पण तीच कथा. पण तेच एक आण्याचं तिकीट पाकिटावर जसंच्या तसं असेल, शिक्क्यातली तारीख आणि गाव वाचता येत असेल, पाकीट कुठून निघून कुठे पोचलं ते दिसत असेल, तर त्याला पोस्टल हिस्टरी म्हणतात आणि तिचे जमवणारे वेगळे असतात, ते तिकिटासाठी नाही तर प्रवासासाठी पैसे मोजतात. पिशवीत बघा, दुसऱ्या महायुद्धातलं सेन्सॉरने उघडून पुन्हा पट्टी चिकटवलेलं पाकीट आहे का, एफपीओ म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर असलेला शिक्का आहे का, विमान टपालाची सुरुवातीची पाकिटं आहेत का, संस्थानी तिकिटं आहेत का. ग्वाल्हेर, पतियाळा, नाभा, जिंद, चंबा, फरीदकोट यांची ब्रिटिश इंडियाच्या तिकिटांवरच संस्थानाचं नाव छापलेली असतात, हैदराबाद, त्रावणकोर, जयपूर यांची स्वतःचीच वेगळी होती. मोडीतले कागद साधी पत्रं आहेत की कोल्हापूर, सांगली असल्या संस्थानांचे स्टँप लावलेले दस्त, तेही बघा, कारण रेव्हेन्यू आणि कोर्ट फी स्टँप जमवणारी अजून एक वेगळी जमात आहे. लहान गावच्या शाखेचा शिक्का सुद्धा कधी कधी तिकिटापेक्षा जास्त भाव खातो. त्या गृहस्थांनी दारातून पिशवीबद्दल विचारलं ना, मग समजून घ्या.

आता जगाचे तीन आल्बम. नानांनी सगळ्यात जास्त जीव ओतला असेल तो यात, आणि वाईट वाटून घेऊ नका, पैसे सगळ्यात कमी यातच. हंगेरी (तिकिटावर मॅग्यार पोस्टा लिहिलेलं असतं), पोलंड, बल्गेरिया, रुमानिया, सोव्हिएत युनियन, मंगोलिया यांनी साठ ते ऐंशीच्या दशकात खास जमवणाऱ्यांसाठी ढीगभर तिकिटं काढली, त्यातली किती तरी छपाईनंतर लगेच शिक्का मारून पुड्यांतून विकली, कधी पाकिटावर लागलीच नाहीत. कोपऱ्यात अगदी मोजून मारल्यासारखा सुबक शिक्का आणि मागे गोंद जसाच्या तसा, असं दिसलं की ओळखायचं. अजमान, फुजैरा, शारजा, उम्म अल क्वैन यांची अमिरात होण्याआधीची रंगीबेरंगी चित्रं पण त्याच पंक्तीतली. कोपरी_किंग यांच्या चुलत्यांची फुलपाखरं यातलीच असणार 😀

तरी एकदा नजर टाका. चीनचं पान असेल तर ते घाईने कोणाला देऊ नका, साठच्या दशकातली सांस्कृतिक क्रांतीच्या वेळची आणि १९८० चं लाल पार्श्वभूमीवरचं काळं माकड, ८ फेनचं, या तिकिटांना आज चांगली मागणी आहे. भूतानने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चक्क वाजणाऱ्या छोट्या रेकॉर्डच्या आकाराची तिकिटं काढली होती, सुई ठेवली की राष्ट्रगीत आणि लोकगीतं लागायची, तसं गोल काही सापडलं तर तिकीट नाही म्हणून फेकू नका. ब्रिटनचं १८४० चं पेनी ब्लॅक सुद्धा, सहा कोटींच्या वर छापलेलं असूनही, पैसे देऊन जातं, पण चारही बाजूंना पांढरी कड शिल्लक असेल तर. तेव्हा दातेरी कडा नव्हत्या, कात्रीने कापून लावायचे, त्यामुळे कड किती वाचलीये यावर सगळं. आपल्याकडच्या १८५४ च्या तिकिटांचंही तसंच.

भारताच्या आल्बममधे काय आहे ते पानं बघून सांगा, फोटो टाकलेत तर अजून बरं.

नौपाडाकरीण

काका, खूप खूप धन्यवाद, तुम्ही एवढं बसून लिहिलंत. पिशवी आता माझ्या कपाटात कुलुपात आहे, यांना ताकीद दिलीये.

काल रात्री भारताचा आल्बम काढला. सुरुवातीला तुम्ही म्हणता तशी राजाराणीची चार-पाच पानं, सगळी वापरलेली. मग झेंड्याचं जय हिंद लिहिलेलं साडेतीन आण्याचं, त्याच्याखाली विमानाचं बारा आण्याचं. गांधीजींच्या पानावर तीन तिकिटं आहेत, दीड आणे, साडेतीन आणे, बारा आणे, आणि चौथ्या जागी पेन्सिलीने नुसता चौकोन आखून आत १० रु. असं लिहिलंय, तिकीट नाहीच. बरीच वर्षं वाट बघितली असणार त्यांनी, कारण पेन्सिल दोनदा गिरवल्यासारखी वाटते.

पुढे ठाण्याच्या रेल्वेचं म्हणून नानांनी खूण केलेलं एक आहे, १८५३ ते १९५३, दोन इंजिनं. आणि दोन गोष्टी कळल्या नाहीत. एक म्हणजे एक आण्याच्या बुद्धासारख्या मूर्तीची दोन तिकिटं शेजारी शेजारी लावलीयेत, एकीचा हात या बाजूला, दुसरीचा त्या बाजूला. हे चुकून उलटं छापलेलं म्हणजे लाखाचं असतं तसं आहे का? दुसरं म्हणजे त्याच काळातल्या काही तिकिटांवर वरून हिंदीत काळ्या शाईने काहीतरी कोरिया असं छापलंय.

डब्यात पाच पैशांची रेफ्यूजी रिलीफ लिहिलेली लाल तिकिटं तर मूठभर भरून निघाली, ती कोण घेतं का?

आणि पिशवीत, काका, सेन्सॉरची पट्टी असलेलं एक पाकीट खरंच आहे! नानांचे एक काका सैन्यात होते म्हणे, हे मला आत्ता कळलं. बाकी पाकिटांवर इंग्रजीत ठाणा असा गोल शिक्का आहे, तारखा अंधुक.

नेरुळचे_काका

एकेक घेऊ.

झेंड्याचं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ चं, स्वतंत्र भारताचं पहिलं. विमानाचं १५ डिसेंबरला आलं, त्याच दिवशी अशोकस्तंभाच्या सिंहांचं दीड आण्याचं पण आलं, ते कुठे तरी असेल बघा. वापरलेली असतील तर तिन्ही सहज मिळणारी, कोरी आणि मागचा गोंद स्वच्छ असेल तर जरा बरी.

गांधींचा सेट १५ ऑगस्ट १९४८ चा, स्वित्झर्लंडला कूर्व्हाझिए नावाच्या छापखान्याने छापलेला. खालची तीन ठीकठाक, खरी किंमत दहा रुपयांच्याच तिकिटाला. त्या काळी दहा रुपयांचं तिकीट पत्राला लावणार कोण आणि क्लार्कच्या पगारातून जमवण्यासाठी विकत घेणार कोण, म्हणून तो चौकोन रिकामा आहे. बहुतेक मध्यमवर्गीय घरांतल्या आल्बममधे तो रिकामाच असतो आणि जिथे भरलेला असतो तिथे मी आधी भिंग काढतो, कारण या तिकिटाच्या नकला बाजारात मुबलक आहेत. लाखांच्या बातम्या येतात त्या बहुतेक वेळा याच्याच भावंडाच्या. याच सेटवर सर्व्हिस असं छापून मोजकी तिकिटं गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी काढली होती, त्यातल्या दहा रुपयांच्या चार तिकिटांची पट्टी २०१७ मधे लंडनच्या स्टॅन्ली गिबन्स या तिकिटांच्या व्यापारी कंपनीने ५ लाख पौंडांना विकली. तुमच्या नणंदबाईंपर्यंत कोणीतरी ती बातमी तिखटमीठ लावून पोचवली असावी.

ती मूर्ती बोधिसत्त्वाची. १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेत ती आरशातल्यासारखी उलटी छापली गेली, चूक लक्षात आल्यावर १९५० मधे सुलट करून पुन्हा काढली. दोन्ही भरपूर छापली गेली त्यामुळे लाखाचं वगैरे काही नाही, पण नानांनी दोन्ही शोधून शेजारी लावली म्हणजे माणूस नुसता गोळा करत नव्हता, बघत होता. उगाच नाही पंखा बंद ठेवायचे.

कोरियावालं नीट वाचा, भारतीय संरक्षा कटक कोरिया असं असणार. १९५३ मधे कोरियात युद्धकैद्यांच्या देखरेखीला आपलं सैन्य गेलं होतं, त्यांच्या टपालासाठी छापलेली ती तिकिटं. तसंच कम्बोज, लाओस, वियतनाम लिहिलेलीही असतात, ती आंतरराष्ट्रीय आयोगाबरोबर गेलेल्यांची. सुटी तिकिटं माफक, पण त्यातलं एखादं खऱ्या पत्रावर लागून आलेलं पाकीट निघालं तर ते वेगळं ठेवा.

रेफ्यूजी रिलीफ १९७१ चं. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी प्रत्येक पत्राला पाच पैसे जादा लावायचे, म्हणून घराघरात सापडतं, मूठभर असो नाहीतर पोतंभर, काही येत नाही. फक्त त्यात कुठे वेगळ्या ठशातला, रबरी शिक्क्याने मारल्यासारखा मजकूर दिसला तर बाजूला काढा, छापील तिकिटं पोचायच्या आधी काही शहरांत स्थानिक पातळीवर तसे मारून घेतले होते.

रेल्वेचं दोन आण्याचं, १६ एप्रिल १९५३ ला निघालेलं, बोरीबंदर ते ठाणे गाडीच्या शंभरीचं. पैसे काही नाहीत हो त्यात. पण ठाण्याच्या घरात असायला हवं ते.

जुनापुराणा

काकांनी तिकिटांचं सांगितलं, मी पैशाचं सांगतो. मी नाणी, नोटा, तिकिटं यांची छोटी खरेदीविक्री करतो, पोटापाण्याचा धंदा दुसरा आहे. त्यामुळे जे लिहितोय ते घेणाऱ्याच्या बाजूने लिहितोय असं समजून वाचा.

कॅटलॉगमधली, म्हणजे तिकिटांच्या भावांच्या पुस्तकातली किंमत म्हणजे तुम्हाला मिळणारी किंमत नव्हे. ती दुकानदाराने चांगल्या अवस्थेतलं एक तिकीट तुम्हाला विकलं तर काय घेईल ती किंमत. अगदी स्वस्तातल्या तिकिटाला कॅटलॉग जी कमीत कमी रक्कम लावतो ती तर तिकिटाची नसतेच, शोधून काढून देण्याच्या मजुरीची असते. कोणीतरी मोबाईलवर ॲप उघडून तीन हजार तिकिटं गुणिले एवढे असा हिशेब करतो आणि घरात भांडणं लागतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. माझ्यासारख्याला माल घेऊन, सुटा करून, वर्ष-दोन वर्षं धरून विकायचा असतो, तर साध्या मालाला कॅटलॉगचा फार छोटा हिस्साच देता येतो, चांगल्या मालाला जास्त. ऑनलाइन भाव बघायचे तर कोणी काय मागतोय ते बघू नका, विकलं गेलेलं कितीला गेलं ते बघा, तशी यादी वेगळी लावता येते. मागायला काय, लोक रेफ्यूजी रिलीफला पण पन्नास हजार मागतात.

एफडीसीचं आधीच सांगून ठेवतो, सत्तर-ऐंशीची एफडीसी लोकांनी इतकी जमवली की आज आम्ही किलोच्या भावाने घेतल्यासारखी घेतो. फायलींवर बराच वेळ घालवू नका. त्यातल्या त्यात मिनिएचर शीट असतील, म्हणजे तिकिटाभोवती मोठी सजवलेली कड असलेलं छोटं शीट, तर वेगळी काढा, आपल्याकडे ती १९७३ च्या इंडिपेक्स या तिकीट प्रदर्शनापासून सुरू झाली, सुरुवातीची बरी जातात.

आता त्या वीस हजारांचं. त्या माणसाने फसवलं असं मी म्हणणार नाही. न लावलेला, न मोजलेला ढीग होता, त्याने स्वतःला सुरक्षित राहील असा आकडा सांगितला, आम्ही सगळेच तसं करतो. पण एक करून बघा. त्यालाच फोन करा आणि म्हणा, पिशवी घरच्यांना ठेवायचीये, नुसते आल्बम, फायली आणि डबा यांचं काय द्याल? आकडा किती खाली येतो बघा. जेवढा खाली येईल तेवढी त्याच्या मते पिशवीची किंमत, आणि ती सुद्धा त्याचा नफा धरून.

कोपरी_किंग

हे भारी आहे. मी माझे शब्द मागे घेतो, चुलत्याची वही परत मागवतोय 😀

ऐरोलीची_मनवा

ताई, आमच्याकडे आजोबांच्या वेळी हेच सगळं झालं होतं, फक्त आमच्यात वाटेकरी पाच होते. किमतीचं वर आलंय, मी बाकीचं सांगते.

कोणालाही घरी बोलवायच्या आधी फोटो काढून ठेवा. आल्बमचं प्रत्येक पान, उजेडात, फ्लॅश बंद करून, पानाला नंबर देऊन. दोन कारणं, एक तर नणंदेला पुण्यात बसून सगळं दिसेल, तुम्ही काही काढून घेतलं अशी शंकाच राहणार नाही, आणि दुसरं म्हणजे आल्बम कोणाच्या हातात द्यायची वेळ आली तर परत आल्यावर ताडून बघता येईल. लिलाववाल्यांकडे द्यायचं ठरलं तर कमिशन किती, कमीत कमी किमतीची अट घालता येते का, विकलं गेलं नाही तर परत पाठवायचा खर्च कोणाचा, हे आधी विचारा आणि वस्तूंची यादी लावून सहीची पावती घ्या. पैसे हातात यायला महिने जातात. नुसतं सल्ल्यासाठी कोणाला दाखवायचं तर महापेक्ससारखं राज्याचं प्रदर्शन किंवा जिल्ह्याचं प्रदर्शन भरतं तिथे जा, जमवणारी माणसं स्वतःच्या फ्रेमशेजारी उभी असतात, त्यांना दाखवायची हौस असते, फुकट आणि मनापासून सांगतात. सीएसएमटीला उतरून जीपीओच्या फिलाटेली ब्युरोत, म्हणजे तिकिटं जमवणाऱ्यांसाठीच्या विभागात गेलात तर किंमत सांगणार नाहीत, पण तिथे येणारे जुने मेंबर भेटतात.

शिफ्टिंगचं. भाड्याच्या घरात भिंतीला ओल असेल तर ट्रंक भिंतीला टेकवू नका आणि जमिनीवर पण नको. आल्बम उभे ठेवा, एकावर एक रचले की कोरी तिकिटं वजनाने आणि दमटपणाने एकमेकांना चिकटतात, मग गोंद गेला की किंमत गेली. चिकटलेली दिसली तर ओढू नका, आहे तसं काकांसारख्या कोणाला दाखवा. सिलिका जेलच्या पुड्या टाका. आणि कोणीही कितीही सांगितलं तरी काही लॅमिनेट करू नका! आमच्या एका नातेवाईकांनी चांगलं टिकावं म्हणून जुनी पोस्टकार्डं लॅमिनेट करून आणली, ती आता फक्त चहाचा कप ठेवायला.

वाटणीला आम्ही जुनीच युक्ती केली, एकाने वाटे करायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा. तुम्ही दोघंच आहात, तुमच्या यजमानांनी दोन वाटे करावेत आणि ननंदबाईंनी पुण्याहून येऊन पहिला उचलावा. वाटे करणारा आपोआप काटेकोर होतो. पत्रं मात्र वाट्यात घालू नका, त्यांचे स्कॅन दोघांकडे राहू द्या आणि मोडी वाचणारं कोणी गाठा, मोडी शिकवणारे वर्ग ठाण्यात अधूनमधून असतात, तिथे विचारलंत तर एखादं पत्र कोणीही वाचून देईल. विकायचं की नाही ते पत्रात काय आहे ते कळल्यावर ठरवा ना.

नौपाडाकरीण

काय सांगू, जुनापुराणा यांची युक्ती आजच केली. फोनवर ते गृहस्थ जरा वेळ गप्पच झाले, मग म्हणाले पिशवी नसेल तर सहा-सात हजार, आणि वर म्हणे नको, राहू दे, मीच परत येऊन बघतो. नको म्हटलं.

नणंदेला रात्री व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. लाखांचं भूत उतरलं बहुतेक, कारण तिने पहिला प्रश्न पैशाचा नाही विचारला, सेन्सॉरवाल्या पाकिटातलं पत्र कोणी लिहिलंय ते विचारलं. पुढच्या शनिवारी येतेय. वाट्यांचं पण तिला पटलं, फक्त जगाचे आल्बम तिला तसेच हवेत, ती म्हणे लहानपणी हंगेरीच्या पानावरून तिने आणि यांनी मार खाल्लाय.

आल्बम आणि फायलींचं मग घाईने काही करायचं नाही असं ठरतंय. पिशवीतली पाकिटं काकांना दाखवायची आहेत, फोटो नीट येत नाहीयेत, शिक्के फारच पुसट आहेत. स्कॅन करून पाठवले तर चालतील का? समोरची बाजू सगळी करून झालीये.

नेरुळचे_काका

चालतील की. सहाशे डीपीआयला करा, रंगीत, ब्लॅक अँड व्हाइट नको, आणि काँट्रास्ट वाढवू नका, पुसट शिक्का मी इथे वाढवून बघतो. पाकीट काचेवर दाबताना सेन्सॉरची पट्टी सुटत असेल तर झाकण उघडंच ठेवून करा.

आणि मागची बाजू पण हवी मला. पोचल्याचा शिक्का बहुतेक मागेच असतो.